आपली वेबसाइट कानाने वाचून पाहा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मागच्या वेळी आपण मालाच्या पाकिटावर काय काय छापायचं ते बोललो होतो. आज पाकिटावरून वेबसाइटवर जायचंय. ‘आमची कुठली आलीय वेबसाइट?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. बऱ्याच संघांनी वेबसाइट करून घेतल्या आहेत, काहींच्या होऊ घातल्या आहेत. आणि ज्यांची नाही, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तरी आहेच. त्यांच्याही उपयोगाचं पुढे येणार आहे.

आमच्या गावांच्या बचत गटांचा मिळून एक संघ आहे. काळा मसाला, जवसाची चटणी, कुरडया, गोधड्या असा आमचा माल. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेबसाइट करून घेतली. दिसायला फार सुरेख. वर मोठे फोटो आपोआप सरकतात, खाली रंगीत चौकोन. आता त्यात दर आठवड्याला नवा मजकूर भरायचा कोणी? आमच्या सचिव ताईंची नणंद बी.ए. झालेली आहे, तिने शहरात राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. तिला जन्मापासून दिसत नाही. टायपिंग तिच्याइतकं जलद आमच्यात कोणालाच येत नाही आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. बैठकीत ठराव झाला, दरमहा मानधन ठरलं, आणि काम तिच्याकडे दिलं.

आठ दिवसांनी ती काम परत करायला आली. म्हणाली, “मावशी, मला लिहिता येतंय, पण ते वेबसाइटवर ठेवता येत नाहीये.”

मला काय वाटलं असेल? दिसत नाही म्हणून जमत नसेल. मनातल्या मनात मी दुसरी मुलगी शोधायलाही लागले होते. हे सांगताना मला आज लाज वाटते, पण सांगते, कारण तुमच्याही मनात हेच येईल. तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाली, “डोळे मिटा आणि नुसतं ऐका.” कॉम्प्युटर बोलायला लागला: “बटण. बटण. लिंक. बटण. ग्राफिक. बटण.” पुढे काहीच नाही. कसलं बटण, काय होतं दाबल्यावर, काही पत्ता नाही.

म्हणजे दोष तिच्यात नव्हता. ज्या साधनातून आम्ही वेबसाइट भरत होतो, त्या साधनातल्या बटणांना नावंच नव्हती.

आता हा बोलणारा कॉम्प्युटर काय प्रकार आहे ते आधी सांगते. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा. ज्यांना दिसत नाही ते माउस वापरत नाहीत, कारण बाण कुठे आहे ते दिसायला हवं ना. ते सगळं कीबोर्डवरून करतात आणि स्क्रीन रीडर प्रत्येक पायरीला काय आलं ते बोलून सांगतो. आमची ही मुलगी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन आणि जेम्स टे, दोघंही अंध. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली. त्या काळी कॉम्प्युटरवरचे स्क्रीन रीडर एवढे महाग होते की अंध माणसाला कॉम्प्युटरपेक्षा त्याचाच खर्च जड जायचा. करन यांनी २००६ मध्ये स्वतःच एक स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टे येऊन मिळाले, आणि तो त्यांनी जगाला फुकट दिला. आजही तो फुकटच आहे. त्याच्यासोबत जो आवाज येतो त्यात मराठीही आहे. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण आमची ही मुलगी तो इतक्या वेगात लावते की मला एक शब्द कळत नाही. तिला सगळं कळतं.

तुमच्या मोबाइलमध्येही असाच एक असतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणून जागा आहे, तिथे टॉकबॅक. तो सुरू केला की एकदा बोट लावलं की फोन नाव सांगतो, आणि दोनदा टकटक केलं की ते दाबलं जातं. पान वरखाली करायला दोन बोटं लागतात. करून पाहा, पण एक सांगते: शेजारी कोणीतरी जाणती मुलगी बसवूनच करा. मी एकटीने सुरू केला आणि मला बंदच करता येईना. चुलीवर भात, हातात ओरडणारा फोन, आणि मी जुन्या सवयीने एकेकदाच टकटक करतेय. भात लागला त्या दिवशी. बंद करायलाही दोनदाच टकटक करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

तर हा स्क्रीन रीडर पान ‘बघत’ नाही. पानाच्या पोटात जे लिहिलेलं असतं तेवढंच तो वाचतो. तुम्ही भिंगाचं चित्र असलेलं बटण बघता आणि ओळखता की हे शोधण्यासाठी. स्क्रीन रीडरला ते चित्र कळत नाही. बनवणाऱ्याने पोटात ‘शोधा’ असा शब्द ठेवला असेल तरच तो ‘शोधा, बटण’ म्हणेल, नाहीतर नुसतं ‘बटण’. आपल्या फळीवरचे डबे आठवा. सगळे एकसारखे स्टीलचे. तुम्हाला माहीत आहे की तिसऱ्यात धणे आहेत. नव्या सुनेला कसं कळणार? एकेक झाकण उघडून वास घेत बसावं लागेल. पण चुकीच्या डब्याचं झाकण परत लावता येतं. वेबसाइटवर नाव नसलेलं बटण दाबून पाहायचं म्हणजे कदाचित ते ‘सगळं पुसून टाका’चं बटण असायचं.

एवढं कळल्यावर पुढची गोष्ट सोपी आहे. वेबसाइटला दोन दारं असतात. एक पुढचं, वाचणाऱ्यांचं. दुसरं मागचं, लिहिणाऱ्यांचं, जिथून आपण मजकूर आणि फोटो भरतो. अंध माणसांचा विषय निघाला की लोक पुढच्या दाराचा विचार करतात: बिचाऱ्यांना वाचता आलं पाहिजे. मागच्या दाराने एखादी अंध बाई आत येऊन स्वतः लिहील, संपादन करील, त्याचा पगार घेईल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. जगभरच्या वेबसाइटींचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी म्हणून संस्था आहे. तिने लिहिण्याच्या साधनांसाठी वेगळे नियम केले आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती २०१५ सालची. त्याचे भागच दोन आहेत. पहिला: ते साधन अपंग व्यक्तीलाही वापरता आलं पाहिजे. दुसरा: त्या साधनाने लिहिणाऱ्याला असा मजकूर तयार करायला मदत केली पाहिजे जो सगळ्यांना वाचता येईल. मला हे फार पटलं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना दोन्ही दारं दिसली होती.

आता या साधनांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे वर्डप्रेस. २००३ च्या मे महिन्यात ते पहिल्यांदा बाहेर आलं. फुकट आहे, कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींमागे चारांहून जास्त त्यावर चालतात. त्यात मराठीही आहे. आमची वेबसाइटही त्यावरचीच.

या वर्डप्रेसमध्ये २०१८ साली जे झालं ते आपल्या कामाचं आहे. तोवर त्यात लिहायची जागा म्हणजे एक मोठी कोरी पाटी होती. वर बटणांची एक ओळ, खाली लिहायचं. अंध लेखकांना ती वर्षानुवर्षं हाताखालची झाली होती. डिसेंबर २०१८ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ती जागाच बदलली. आता प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो, प्रत्येक शीर्षक हा वेगळा ठोकळा, ब्लॉक. प्रत्येक ठोकळ्याची आपापली बटणं, शिवाय बाजूला आणखी एक पट्टी. छपाईचा यंत्रकार गुटेनबर्ग, त्याचं नाव या नव्या एडिटरला दिलं होतं. बघणाऱ्याला सोय झाली. पण ऐकून काम करणाऱ्याला? आपण कोणत्या ठोकळ्यात आहोत, त्याची बटणं कुठे गेली, बाजूच्या पट्टीतून परत लिहायच्या जागी कसं यायचं, हे कळेनासं झालं.

दिसत नसलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात जाऊन तिला न विचारता सगळे डबे नव्या मांडणीत लावून यायचं, आणि वर म्हणायचं की आता किती छान दिसतंय, तसं हे होतं.

हे होऊ नये म्हणून आतली माणसं सांगत होती. वर्डप्रेसमध्ये सुगम्यतेचं, म्हणजे ते सगळ्यांना वापरता यावं हे बघण्याचं काम करणारा एक गट आहे, बरेचसे स्वयंसेवक. त्या गटाच्या प्रमुख होत्या नेदरलँड्सच्या रियान रीटफेल्ड. त्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे नवी आवृत्ती यायच्या दोन महिने आधी, ते काम सोडलं आणि का सोडलं ते जाहीर लिहिलं. त्याच महिन्यात त्या गटानेही सांगितलं की जुन्या एडिटरच्या मानाने हे पाऊल मागे पडलंय. तरी आवृत्ती आलीच. मग विद्यापीठांमध्ये वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या एका समूहाने वर्गणी काढून बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला, चांगला जाडजूड, आणि त्यात एकेक दोष नोंदवून दिला. सरकारी योजनेचं सोशल ऑडिट असतं ना, तसं.

त्यानंतर सुधारणा झाल्या, हेही सांगितलं पाहिजे. आज त्या ठोकळ्यांच्या एडिटरमध्ये तिरकी रेघ टाइप केली की ठोकळ्यांची यादी उघडते आणि बाणाच्या कळीने निवडता येतं. ऑल्ट आणि एफ १० ही कळ दाबली की थेट त्या ठोकळ्याच्या बटणांवर जाता येतं. सगळ्या ठोकळ्यांची एक यादी ऐकता येते, लिस्ट व्ह्यू म्हणतात तिला. आणि ज्यांना जुनी पाटीच हवी, त्यांच्यासाठी क्लासिक एडिटर नावाची जोडणी फुकट मिळते. म्हणजे वर्डप्रेसचं मागचं दार आता पुष्कळसं उघडं आहे.

मग आमच्या मुलीला ते बंद का मिळालं? कारण बांधून देणाऱ्याने वर्डप्रेसच्या वर आणखी एक साधन चढवलं होतं. त्यात सगळं माउसने उचलायचं, ओढायचं आणि सोडायचं. बटणांवर नुसती चित्रं. कीबोर्डवरून करायला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. उंबऱ्याला दगड लावून ठेवल्यासारखं. आम्ही त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, अंध माणूस वेबसाइट भरेल असं कोणी सांगितलंच नव्हतं.” खरं आहे. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

त्याने ते वरचं साधन काढून दिलं. चौकोन गेले, सरकते फोटो गेले. काही जणींना वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. पण मुलगी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

आणि मग तिने आमची परीक्षा घेतली, ती पुढच्या दाराची. ती म्हणाली, “आता मी भरीन, पण तुम्ही आधी जे भरलंय ते मला वाचता येत नाही.” तेव्हा आमच्या एकेक चुका बाहेर आल्या.

पहिली चूक फोटोची. कुरडयांच्या फोटोवर स्क्रीन रीडर म्हणायचा, ‘ग्राफिक, आयएमजी, दोन शून्य चार एक’. फोनने फोटोच्या फाइलला दिलेलं नाव ते. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे पर्यायी मजकुराची, एक रिकामी चौकट असते. त्यात लिहिलेलं स्क्रीन रीडर वाचतो. आम्ही ती चौकट कधी उघडलीच नव्हती. काय लिहायचं त्यात? पहिल्यांदा मी लिहिलं, ‘कुरडया’. ती म्हणाली, एवढं शीर्षकातच आहे, त्यापुढचं सांगा. मग लिहिलं, ‘गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्या कुरडया, तळहाताएवढ्या, पारदर्शक पाकिटात दहा’. आता मुंबईत बसलेल्या, दिसत नसलेल्या गिऱ्हाइकालाही कळेल की काय घेतोय. फोटोत नुसती वेलबुट्टी असेल तर मात्र चौकट रिकामीच ठेवायची, उगाच पाल्हाळ नको. आणखी एक, हे आम्हाला फटका बसून कळलं: लेखात आधीच टाकलेल्या फोटोला मागाहून फोटोंच्या साठ्यात जाऊन ऑल्ट लिहिलं, तर त्या लेखात ते सहसा उतरत नाही. लेख उघडून तिथल्या फोटोवरच लिहावं लागतं.

दुसरी चूक मोठी, आणि ती तुम्ही सगळ्या करता. मेळाव्याची सूचना आम्ही रंगीत पोस्टर करून फोटो म्हणून टाकायचो. तारीख, वेळ, जागा, फोन नंबर, सगळं त्या चित्रात. स्क्रीन रीडरला तो नुसता एक फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच. पोस्टर खुशाल पाठवा, पण खाली दोन ओळी टाइप करून टाका: कधी, कुठे, कोणाला फोन करायचा. याचा फायदा फक्त अंधांना नाही. आमच्या गटात अक्षरओळख नसलेल्या दोन आजी आहेत, मोतीबिंदूवाल्या आणखी. टाइप केलेला मजकूर नातवाचा फोन मोठ्याने वाचून दाखवतो. मोतीबिंदूवाल्या आजींना तो मोठा करून बघता येतो. पोस्टरमधली बारीक अक्षरं बोटांनी मोठी केली तर फुटतात.

तिसरी चूक मराठी फॉन्टची, आणि ही आपल्याकडची खास. संघाचं जुनं माहितीपत्रक आम्ही डीटीपीवाल्याकडून आणून तसंच चिकटवलं होतं. डोळ्यांना स्वच्छ मराठी. पण जुन्या फॉन्टांमध्ये वरून मराठी दिसतं आणि पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, म्हणून त्याने वाचला तो नुसता गोंधळ. मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपण मोबाइलवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं, त्यामुळे नव्या मजकुराची काळजी नको. जुना तेवढा बदलून घ्या किंवा परत टाइप करा. याच्याच जोडीला सेटिंग्जमध्ये वेबसाइटची भाषा मराठी आहे ना ते बघा. आमची इंग्रजी राहिली होती. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो. कधी अडखळतो, कधी शब्दच गाळतो.

बाकीचं थोडक्यात. शीर्षक म्हणजे नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर नव्हे. एडिटरमध्ये ‘शीर्षक’ म्हणून प्रकार आहे तो निवडा. एनव्हीडीएवर एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी जाते, आपण पान चाळतो तसंच. शीर्षकं खोटी असली की अख्खं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. आणि ‘येथे क्लिक करा’ लिहिणं सोडा. स्क्रीन रीडरवाले पानातल्या लिंकांची यादी काढून ऐकतात. त्यात दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ आलं तर कुठे क्लिक? ‘मसाल्याचे दर पाहा’ असं लिहा.

आता कोणी म्हणेल, आमच्या गावात अंध किती, एक किंवा दोन. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यात ५० लाखांवर लोकांना बघण्याची अडचण होती. आणि ही मेहेरबानीची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्या लवून दाखवा म्हणतात. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांनी, पूर्ण अंध असलेल्यांनी ते कसं करायचं? अशांनीच दाद मागितली होती. न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरच्या सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीच्या पद्धती बदलायला सांगितल्या. तुमच्या गटात अशी कोणी असेल आणि केवायसीवर तिचं काम अडलं असेल, तर बँकेत जाताना या निकालाची तारीख सांगा.

ज्यांची वेबसाइट अजून व्हायची आहे त्यांनी पैसे देण्याआधी बांधणाऱ्याला समोर बसवा, माउस काढून बाजूला ठेवा आणि म्हणा, आता नुसत्या कीबोर्डवरून एक सूचना लिहून, फोटो टाकून, प्रसिद्ध करून दाखवा. जमलं नाही तर घाम त्याला फुटू दे. वर्डप्रेसची थीम, म्हणजे वेबसाइटचा साचा, निवडताना ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी रेडी’ अशी खूण असलेल्याच दाखवा म्हणा, तशी वेगळी यादी निघते. आणि हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी नको, आम्ही तोंडीच ठरवलं होतं.

आमच्या मुलीने पहिली सूचना प्रसिद्ध केली त्या दिवशीही एक गंमत झाली. ‘प्रसिद्ध करा’ दाबून ती उठली, आणि वेबसाइटवर काहीच दिसेना. ते बटण दाबलं की वर्डप्रेस एक पट्टी उघडून परत विचारतं, नक्की ना? तिथे दुसऱ्यांदा दाबावं लागतं. तिने कॉम्प्युटरचा आवाज बारीक केला होता, कारण आम्ही सगळ्या मागे उभ्या राहून बोलत होतो. तिने आम्हाला गप्प केलं, परत दाबलं, आणि उन्हाळी कुरडयांची ऑर्डर सुरू झाल्याची सूचना लागली. पोस्टर माझ्याकडे तयार होतं. ती म्हणाली, “मावशी, पोस्टर टाका, पण त्याचं ऑल्ट आधी मला वाचून दाखवा.”